पेगची नळी बसली, आता पहिलं फीड कधी?

नातेवाईक हमखास विचारतात, "सिस्टर, आता उद्याच ना?" नाही हो. पेग, म्हणजे पोटाच्या त्वचेतून थेट जठरात घातलेली नळी, बसवलेल्या मोठ्या माणसाला, सगळं ठीक असेल तर, 4 तासांनी फीड (नळीतून द्यायचं पातळ अन्न) देता येतं. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. उगाच रात्रभर उपाशी ठेवलेलं मला बघवत नाही. नाकातल्या नळीचं वेगळं: ती पोटातच आहे याची खात्री होईपर्यंत पाण्याचा थेंबही नाही.

उशाकडची बाजू 30 ते 45 अंश वर घ्या. सिरिंजचा दट्ट्या काढून ती नळीला लावा, आधी 30 मिली पाणी ओता, सावकाश आपोआप उतरू द्या, मग फीडही तसंच. मी दट्ट्या दाबून फीड कधीच ढकलत नाही. नंतर पुन्हा पाणी, आणि अर्धा-पाऊण तास आडवं करायचं नाही.

पोट कडक झालं, कळ आली, नळीभोवती पाझरलं, तर तिथेच थांबा. आम्हाला हाक मारा.