एम.टेक.ला स्फोटरोधक भिंतीचा विषय घेताय?

फ्लाय अ‍ॅशचं जिओपॉलिमर काँक्रीट (सिमेंटऐवजी वीजकेंद्राची राख अल्कलीच्या द्रावणानं बांधलेलं) घ्यायचं, एलएस-डायना या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये भिंत उभी करायची, स्फोटाचा दाब लावायचा आणि ‘नवं काँक्रीट सरस’ म्हणून मोकळं व्हायचं, असे बरेच प्रबंध होतात. मग व्हायव्हात कुणीतरी विचारतं, सरस कशामुळे? तिथं गाडी अडते.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागदावर एक हिशेब करा. २०० मिमी जाडीची, ३ मीटर उंचीची, फक्त वर-खाली टेकलेली भिंत. दोन्ही बाजूंना १२ मिमीच्या एफई ५००डी सळ्या १५० मिमी अंतरावर, कव्हर २५ मिमी. सिलिंडरची ताकद ४० मेगापास्कल धरली, तर मीटरभर पट्टीची वाकण्याची क्षमता सुरक्षा गुणकांशिवाय सुमारे ६१.६ किलोन्यूटन-मीटर येते. ताकद ६० केली तर ६२.३. काँक्रीट दीडपट आणि फायदा जेमतेम एक टक्का, कारण अशा भिंतीत आधी सळई यील्ड होते, म्हणजे कायमची ताणली जाऊ लागते. लांबच्या स्फोटात भिंत वाकूनच जाणार असेल, तर काँक्रीट बदलून फार काही हाती लागत नाही; तिथं सळ्यांचा लॅप (जोडावरची एकमेकींवर आलेली लांबी), हुक आणि टेकूपाशी अँकरेज (सळईची पकड) हेच बघायचं.

हलक्या काँक्रीटचं तर उलटंच होतं. दाबाचा कालावधी भिंतीच्या आवर्तकालापेक्षा (एका हेलकाव्याच्या वेळेपेक्षा) फारच कमी असेल, तर भिंतीला मिळणारी ऊर्जा वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. घनता २४०० वरून १८०० वर आणली, की तेवढ्याच आवेगाला (दाब गुणिले वेळ) एक तृतीयांश जास्त ऊर्जा पचवावी लागते.

काँक्रीटचा खरा कस लागतो तो जवळच्या स्फोटात. दाबलहर मागच्या पृष्ठभागावरून ताणलहर होऊन परतते आणि मागचे टवके उडतात. इथं स्टील फायबर कामाला येतात. आकारमानाच्या २ टक्के म्हणजे घनमीटरला १५७ किलो. एकदम ओतले तर गोळे होतात, म्हणून मिक्सर चालू ठेवून थोडे थोडे भुरभुरवायचे. फायबरशिवायचं जिओपॉलिमर मात्र ठिसूळच. म्हणजे स्फोट जवळचा की लांबचा यावर सगळं अवलंबून. म्हणून सिनॉप्सिसमध्ये आधी अंतर आणि टीएनटी वजनाच्या घनमूळाचं गुणोत्तर ठरवा (१०० किलो, १५ मीटर म्हणजे ३.२), साहित्य नंतर.

कास्टिंगला लागणारं अल्कलीचं १० मोलर द्रावण म्हणजे ४०० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड आणि पाणी मिळून एक लिटर. लिटरभर पाण्यात ४०० ग्रॅम नव्हे. नेहमी पाण्यातच थोडे थोडे फ्लेक्स टाका, उलटं नाही. द्रावण चांगलंच तापतं, म्हणून आदल्या दिवशी करून ठेवा. गॉगल आणि हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका. निव्वळ फ्लाय अ‍ॅशला साधारण ६० अंशांवर २४ तास ओव्हन लागतो आणि भिंतीचं पॅनेल कॉलेजच्या ओव्हनमध्ये मावत नाही. मग जीजीबीएस (लोखंडाच्या भट्टीतला दळलेला स्लॅग) मिसळून साध्या तापमानाला क्युअरिंग करतात. स्लॅग वाढला, की मिश्रण साच्यात पडायच्या आतच घट्ट होऊ लागतं. म्हणून मोठ्या बॅचआधी छोट्या ट्रायलवर स्लम्प (मिश्रणाचा सैलपणा) किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून बघा. सिलिंडर जास्तीचे भरा: ताकद सारखी असूनही जिओपॉलिमरचा स्थितिस्थापकता गुणांक (ताठरपणा) बऱ्याचदा कमी निघतो. तो २० टक्क्यांनी कमी असेल, तर आवर्तकाल १२ टक्क्यांनी वाढतो.

मॉडेलमध्ये सगळ्यात जास्त फसवणारी सोय म्हणजे नुसती ताकद दिली, की बाकीचे गुणधर्म आपोआप भरणारी मटेरियल कार्डं. ते आकडे साध्या सिमेंट काँक्रीटच्या चाचण्यांवरून आलेले असतात. भार झपाट्यानं आला की ताकद किती वाढते हे सांगणाऱ्या स्ट्रेन-रेटच्या वक्राचंही तेच. दुसरी फसवणूक इरोजनची, म्हणजे फार विकृत झालेले एलिमेंट (मॉडेलचे छोटे तुकडे) काढून टाकण्याची: ते गळून पडले, की वस्तुमानही जातं आणि चित्र मात्र झकास दिसतं. किती गळले ते नोंदवा, एलिमेंटचा आकार निम्मा करून पुन्हा चालवा. जमिनीवरचा अर्धगोलाकार स्फोट आणि हवेतला गोलाकार स्फोट यांचे पर्याय वेगळे आहेत, तेही तपासा. सुरुवातीला प्रसिद्ध झालेली एखादी प्रत्यक्ष चाचणी जुळवून दाखवा. ती जुळेपर्यंत नव्या काँक्रीटला हात लावू नका.

निकाल लिहिताना ‘कमी नुकसान’ असं मोघम नको. यूएफसी ३-३४०-०२ या अमेरिकी स्फोटरोधक डिझाइनच्या नियमावलीत टेकूपाशी होणारं वळण अंशांत मोजतात. आपल्या भिंतीला २ अंश म्हणजे मध्यावर ५२ मिमी सरकणं. तिथपर्यंत कव्हर टिकतं असं धरतात, पुढे ते चुरडतं. आयएस ४९९१ हे स्फोटरोधक बांधकामाचं भारतीय मानक वाचाच, पण ते मुळात १९६८ सालचं आहे.

आणि खरा स्फोट कॉलेजच्या आवारात नको. स्फोटकांचे परवाने देणाऱ्या पेसोचं मुख्यालय नागपूरला आहे, पण एम.टेक.च्या वेळात हे जमवणं कठीण. चंडीगडची टीबीआरएल (डीआरडीओची प्रयोगशाळा) किंवा चेन्नईची एसईआरसी (सीएसआयआरची बांधकाम संशोधन संस्था) यांच्याशी गाइडमार्फत पहिल्याच सेमिस्टरला पत्रव्यवहार सुरू करा. नाहीच जमलं तर ड्रॉप-वेट (वरून वजन टाकायची) चाचणी, पण प्रबंधात तिला आघात चाचणीच म्हणा.