वणव्याच्या हंगामात कोकणात येणाऱ्या नव्या विमा सर्व्हेअरला

माघ संपत आला की मला घाटावरून फोन सुरू होतात. सांगली, कराड, बार्शी. "सर, विम्याच्या नुकसानीची पाहणी करायचं, सर्व्हेअरचं लायसन्स हातात आलंय. कोकणात वणवे लागतात म्हणे. क्लेमचं काम मिळेल का? कणकवलीत खोली बघू का?" मी स्वतः २००९ साली मिरजेहून गगनबावड्याचा घाट उतरून असाच आलो होतो. तेव्हा मला जे कुणी सांगितलं नाही, ते तुमच्यासाठी लिहून ठेवतोय.

खोली जरूर बघा, पण नुसत्या वणव्याच्या भरवशावर नको. २०१८ साली कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज हे गाव वणव्यात जळालं तेव्हा अठरा हजारांहून जास्त बांधकामं गेली. अशा वेळी तिकडच्या विमा कंपन्या राज्याबाहेरून ॲडजस्टर, म्हणजे तिकडचे सर्व्हेअर, बोलावतात, कित्येक राज्यं त्यांना तात्पुरती परवानगी देतात आणि माणसं गाडीत बिऱ्हाड टाकून महिनोन्महिने तिथे जाऊन राहतात. तेच चित्र डोळ्यांपुढे ठेवून आपली पोरं इथे येतात. कोकणातला वणवा असा गावच्या गाव नेत नाही. सड्यावरचं (कातळाच्या उघड्या माळावरचं) गवत, काजूची बाग, एखादा मांगर (बागेतली साधी शेड), गवताची उडवी, ठिबकच्या नळ्या हे सगळं तो नेतो. नुकसान वाडीभर होतं, पॉलिसी एखाद्याकडेच निघते. त्यातही मोटार सोडून इतर विम्यात एक लाखापर्यंतच्या नुकसानीला परवानाधारक सर्व्हेअर सक्तीचा नाही, त्यामुळे बरेच लहान क्लेम तुमच्यापर्यंत येणारच नाहीत.

इथे ढिगाने काम येतं ते पाण्या-वाऱ्याचं. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, २०२१च्या मे महिन्यात तौक्ते गेलं आणि त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण बुडालं. त्या दोन वर्षांत आम्हाला झोप नव्हती. तेव्हा मोटारीचं काम हातात ठेवा, फायरचं, म्हणजे आगीच्या नुकसानीचं, डिपार्टमेंट लायसन्सवर घ्या आणि पॅनेलसाठी, म्हणजे कंपनीच्या सर्व्हेअरांच्या यादीत यायला, कंपन्यांच्या रत्नागिरी, कुडाळ, कोल्हापूरच्या ऑफिसांत स्वतः जाऊन भेटा. ईमेलला उत्तर येईल म्हणून वाट पाहू नका. वणव्याचं काम त्या ओळखीतूनच येतं, कारण ब्रँच मॅनेजरला भर दुपारी सड्यावर चालत जाणारा माणूस हवा असतो आणि असे लोक कमी आहेत.

आता पॉलिसीचं. बागायतदार म्हणेल, "विमा हा सायबानू, दरवर्षी भरतंव." कागद बघितलात की निघेल हवामानावर आधारित फळपीक विमा. त्यात अवकाळी पाऊस, तापमान, वारा हे धोके असतात आणि भरपाई ठरते हवामान केंद्राच्या आकड्यांवरून. वणव्याचा त्यात संबंध नाही. हे त्याला पहिल्याच भेटीत, बसून, शांतपणे सांगा. जळलेल्या बागेत उभ्या माणसाला हे सांगणं जड जातं, मला अजून जातं. पण आशेवर ठेवून महिन्याने नकाराचं पत्र येण्यापेक्षा ते बरं. झाडांना वणव्यापासून संरक्षण हवं असेल तर बागायतीची वेगळी पॉलिसी लागते, आणि ती फार थोड्यांनी घेतलेली असते.

घर, मांगर, काजूचा कारखाना यांच्या पॉलिसीत एक बारीक गोष्ट आहे. जुन्या स्टँडर्ड फायर पॉलिसीत 'बुश फायर' (झुडपांची आग) धरलेली आहे, पण 'फॉरेस्ट फायर' (जंगलाची आग) वगळलेली आहे, आणि जमीन साफ करायला लावलेली आगसुद्धा तिच्यातच मोडते. ती जादा हप्ता भरून घ्यावी लागते. एप्रिल २०२१पासून आलेल्या भारत गृह रक्षा पॉलिसीत झुडपाची, रानाची, जंगलाची आग सरळ धरलेली आहे. म्हणून आग कुठून उठली आणि कोणत्या रानातून आली, हे जुन्या पॉलिसीत पैशाचा प्रश्न ठरतं. इथे रान बहुतेक मालकीचं, वनखात्याची हद्द मध्येच कुठेतरी. ऐकीव माहितीवर 'जंगलातून आली' असं एक वाक्य लिहून टाकलंत तर एखाद्याचं घर त्या वाक्याने जाईल.

यासाठी जागेवर लवकर पोहोचा, जमलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी. दुपारच्या वाऱ्याने राख उडते, मालक जळकं कुंपण काढून नवीन वई घालायला घेतो, खुणा पुसल्या जातात. वरच्या बाजूने उतरू नका, आग जिथून आली तिथून चालत वर या. दिवसा खारा वारा समुद्राकडून आत वाहतो, रात्री मतलई उलट. त्यामुळे कोणत्या वेळी लागली हे कळलं की दिशा निम्मी कळते. उरलेली निम्मी बुंध्यांवर असते. आग ज्या बाजूला सरकत होती त्या बाजूला बुंध्यावरचा काळा पट्टा जास्त उंच चढलेला असतो. पंधरा-वीस झाडं बघितलीत की बाण काढल्यासारखी दिशा मिळते. मग उगमाशी काय आहे ते बघा. भाताच्या रोपांसाठी भाजावळ केलेला दाढीचा तुकडा? पायवाट? वीजवाहिनीची लोंबती तार? तार असेल तर फोटो घ्या आणि विद्युत निरीक्षकांच्या अहवालासाठी मालकाला लगेच अर्ज करायला सांगा.

मालक मुंबईत, तर आग पाहिली कुणी? बागेत राहणाऱ्या नेपाळी कामगाराने. त्याच्याकडे कुणी विचारपूस करत नाही. तुम्ही करा. वेळ, वारा, कोण धावून आलं, पाणी कुठून आणलं, सगळं त्यालाच ठाऊक असतं.

झाडांबद्दल मात्र घाई नको. माझ्या दुसऱ्याच वर्षी राजापूर तालुक्यातल्या एका कलमांच्या बागेत माझ्याकडून चूक झाली. वरचा पाला बराचसा हिरवा होता, म्हणून मी बावीस कलमं 'वाचलेली' लिहिली. बुंध्याशी साचलेला पातेरा रात्रभर धुमसला होता आणि साल आतून चौफेर शिजली होती, ते मी वाकून बघितलंच नाही. पावसाळा सरेपर्यंत त्यातली बरीच कलमं उभ्या उभ्या वाळली. क्लेम तोवर बंद झाला होता. बागेच्या मालक काकांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. पुढच्या शिमग्याला मी मुद्दाम त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी मला ती झाडं एक एक करून दाखवली. तेव्हापासून मी मालकाला विचारून प्रत्येक बुंध्याला जमिनीपासून वीतभर उंचीवर चार दिशांना चाकूचा बारीक छेद देतो. आत ओलसर, हिरवट-पांढरं असलं तर ती बाजू जिवंत. तपकिरी, कोरडं असलं तर मेली. चारही बाजू मेल्या तर वरचा पाला कितीही हिरवा असो, झाड गेलं. तरुण काजूची साल पातळ, तिथे तर जास्तच जपून बघा.

अडचण अशी की २०२४च्या नियमांप्रमाणे कंपनीने २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा आणि तुम्ही १५ दिवसांत अहवाल द्यायचा. झाड मात्र पालवी फुटेल की नाही हे पावसाआधी सांगत नाही. मी अहवालात तीन याद्या करतो: गेलेली, वाचलेली, आणि एक-दोन बाजू मेलेली. तिसऱ्या यादीतल्या प्रत्येक झाडाला रंगाने नंबर घालतो, फोटो जोडतो आणि पावसानंतर पुन्हा पाहणी करावी असं कंपनीला लेखी कळवतो. पहिल्या यादीचे पैसे तोवर अडत नाहीत.

झाडांची संख्या कुणी फुगवून सांगितली तर भांडू नका, मोजा. दहा मीटरवर आंबा म्हणजे एकरी चाळीस, सात मीटरवर काजू म्हणजे ऐंशीच्या आसपास. सातबाऱ्यावरची नोंद आणि ई-पीक पाहणीही ताडून बघा.

सातबारा हा इथला खरा घाट. एका गटावर पंधरा-पंधरा हिस्सेदार, निम्मे मुंबईत, काही वारलेले आणि वारसनोंद नाही. संमतीच्या सह्यांसाठी क्लेम सहा-सहा महिने अडतो. वणव्याचा हंगाम आणि शिमगा जवळजवळ येतात, याचा फायदा घ्या. पालखी घरी यायच्या दिवसांत सगळे चाकरमानी गावात असतात. त्या आठवड्यात पंचनाम्याला माणूस मिळणार नाही, पण सह्या सगळ्या मिळतील. मालकाला मसुदा आधीच देऊन ठेवा. शिमगा हुकला तर मग थेट गणपती.

राहायला कणकवली किंवा लांजा धरा, महामार्गावर असल्याने दोन्ही दिशांना जाता येतं. देवगडला समुद्र जवळ, पण हंगामात भाडं परवडत नाही. कातळावर जाड तळव्याचेच बूट घाला, राखेखाली निखारा दोन-दोन दिवस जिवंत असतो. पाणी दोन लिटर बरोबर. सड्यावर रेंज येईलच असं नाही, म्हणून निघताना वाडीतल्या कुणाला तरी सांगून जा.

कोकम सरबत देतील, ते घ्या. नाही म्हटलंत तर काकींना वाईट वाटतं. आंब्याची पेटी गाडीत ठेवायला आले तर मात्र हात जोडून परत द्या. तुमची फी कंपनी देते, हे त्यांना स्पष्ट सांगा, कारण बऱ्याच जणांना वाटतं की सर्व्हेअरला त्यांनीच काहीतरी द्यायचं असतं. आणि जळका मांगर उतरवल्यावर निघालेले वासे, पत्रे कुणाला विकायचे यात तुम्ही किंवा तुमच्या ओळखीचा कुणी पडू नका.

या वर्षी येणार असाल तर होळीच्या आधी या. दोन दिवस माझ्याबरोबर सड्यावर चला, चाकू कसा धरायचा ते दाखवतो.