ट्रेलरमधला कमोड उचलण्याआधी

समुद्रकाठच्या वाडीत उभ्या असलेल्या ट्रेलरचा, म्हणजे गाडीला जोडून न्यायच्या फिरत्या घराचा, कमोड काढायचा असेल, तर सगळी धावपळ तो काढण्याआधी उरकून घ्या. एकदा तो जागेवरून हलला की खाली मैल्याच्या टाकीचं तोंड उघडं पडतं आणि मग नेमका सील हवा असतो. चिपळूण, रत्नागिरी, कुडाळच्या दुकानांत घरगुती कमोडचं सगळं सामान मिळतं. ट्रेलरचं बहुतेक मागवावंच लागतं, आणि कुरिअर गावात कधी पोचेल ते कुरिअरवाल्यालाच ठाऊक.

सुरुवात दुखणं ओळखण्यापासून करा. कमोडमध्ये चार बोटं पाणी सोडा आणि तासाभराने बघा. पाणी उतरलं असेल तर आतल्या पात्याभोवतीचं रबर गेलंय किंवा त्यात काहीतरी अडकलंय. घरच्या कमोडला पाण्याचा वळसा असतो, तो वास अडवतो. ट्रेलरच्या कमोडला तो नसतो. पायाने दाबून उघडायचं पातं, त्याचं रबर आणि वर साठलेलं थोडं पाणी, एवढाच आडोसा. पाणी टिकलं नाही की टाकीचा वास थेट झोपायच्या जागेपर्यंत येतो. आधी हातमोजे घालून, जुन्या टूथब्रशने पात्याची कड घासून काढा. कागदाचा तुकडा किंवा क्षाराचा थर निघाला की अर्ध्या वेळा काम तिथेच भागतं. रबराला सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन किंवा इंजिन ऑइल नको, रबर फुगतं. आणि हाताशी आहे म्हणून खोबरेलही नको. डिसेंबरच्या पहाटे ते थिजून बसतं.

पाणी जमिनीवर येत असेल तर ते कधी येतं ते पाहा. कायमच ओल असेल तर पाण्याचा व्हॉल्व्ह किंवा त्याचा जोड. फक्त फ्लश करताना कमोडच्या मागून गळत असेल तर पाणी उलटं जाऊ नये म्हणून तिथे बसवलेला छोटा भाग. फ्लश केल्यावर बुडाशी ओल आली तर कमोड आणि टाकीच्या तोंडामधला सील. यातल्या पहिल्या दोन कामांना बहुतेक वेळा टाकी उघडी करावी लागत नाही. सगळा कमोड बदलायचा तो भांड्याला तडा गेला असेल किंवा पेडलची यंत्रणाच मोडली असेल तर. नुसत्या गळतीसाठी नवा घेणं म्हणजे पैसे वाया. तुमचा कमोड कॅसेटवाला, म्हणजे बाहेरच्या दारातून टाकी ओढून काढायचा असेल, तर काम आणखी सोपं: कॅसेटच्या तोंडावरचं रबर बदला आणि मोकळे व्हा.

नवा घ्यायचाच असेल तर मापं घ्या. मागच्या भिंतीपासून टाकीच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, बोल्ट किती आणि कुठे, पाण्याची नळी कोणत्या बाजूने येते, बसायची उंची, आणि न्हाणीचं दार पुढच्या कडेला अडकतं का. शक्यतो आहे त्याच कंपनीचा, त्याच आकाराचा घ्या. बुडाचा सील मात्र नवाच हवा, तो एकदा दबला की परत नीट बसत नाही. घरगुती कमोडखाली घालतात ती मेणाची रिंग इथे चालत नाही. खड्ड्यांनी गाडी हलली की तिची जागा सुटते. मदतीला गावचा प्लंबर बोलावलात तर त्याला आल्या आल्या सांगून ठेवा, ‘दादा, व्हाइट सिमेंट लावायचं नाही.’ सवयीने तो लावणारच, आणि मग पुढच्या वेळी छिन्नी घेऊन बसायचं.

आता खरा अवघड प्रश्न: टाकीतलं कुठे सोडायचं? व्हाळात, खाडीत किंवा माडांच्या आळ्यात नाही, हे सांगायची गरज पडू नये. जांभ्यातून पाणी झिरपतं आणि शेजारची विहीर फार लांब नसते. सेप्टिक टँक असलेल्या घरमालकाला आधी विचारा, आणि टाकीत कोणतं रसायन घातलंय तेही खरं सांगा. काही रसायनांनी सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात. नाहीतर मैला उपसणारी गाडी ठरवा. टाकी रिकामी करून दोनदा पाण्याने खळखळून घ्या. हे झाल्याशिवाय पान्याला हात लावू नका.

हाताशी ठेवायचं ते असं: पाने, पकड, हॅक्सॉचं पातं, गंज सोडवायचा स्प्रे, रबराचे लांब हातमोजे, चिंध्या, बादली, प्लास्टिकच्या जाड पिशव्या, टेफ्लॉन टेप आणि स्टीलचे नवे नट-बोल्ट. खाऱ्या वाऱ्यात साधे बोल्ट दोन पावसाळ्यांत लाल होतात, म्हणून स्प्रे आदल्या रात्रीच मारून ठेवा. तरी सुटले नाहीत तर हॅक्सॉचं पातं लावून कापा. जोर केला तर खालचा प्लास्टिकचा कडा तुटेल आणि कामात काम वाढेल. कमोड काढण्याआधी पंप बंद करा, बाहेरचं पाणी बंद करा, एक नळ उघडून नळीतला दाब सोडा, खिडकी उघडी ठेवा. आत विडी-सिगारेट नको. भोकावर लगेच चिंधी भरलेली पिशवी कोंबा. धुण्याला ब्लीच वापरत असाल तर त्यात टॉयलेटचं ॲसिड मिसळू नका, विषारी वायू निघतो.

कमोड निघाला की भोकाभोवतीचं प्लायवूड पेचकसाने टोचून पाहा. पेचकस मऊ लोण्यात शिरावा तसा शिरला, तर आधी सुतार. पावसाळ्यात हे काम काढूच नये, ओलं प्लाय वाळत नाही. याच वेळी छपरावर चढून टाकीच्या हवेच्या पाइपमध्येही डोकावा. महिनोन्महिने उभ्या ट्रेलरच्या पाइपात कुंभारीण माशी मातीचं घर करते, आणि वासाचा दोष बिचाऱ्या कमोडला लागतो.

नवा बसवताना सगळे नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. कमोड डुलायचा थांबला की पुरे. जास्त आवळलात तर बूड तडकेल. मग पंप चालू करा, बुडाभोवती कोरडा टिश्यू पेपर पसरा, चार-पाच वेळा फ्लश करा. कागद कोरडा राहिला तरी ट्रेलर एकदा कच्च्या रस्त्यावरून फिरवून आणा आणि पुन्हा तपासा. कडेला सिलिकॉन भरायचं ते त्यानंतर, आणि मागची बाजू उघडी सोडा, म्हणजे पुढे गळलंच तर पाणी आत न मुरता बाहेर दिसेल.