परराष्ट्र धोरणामागचं घरचं राजकारण कसं वाचावं

एखादा देश करारातून ऐनवेळी मागे फिरला, की नकाशा नंतर उघडा; आधी तिथल्या संसदेचं संख्याबळ पाहा. मंजुरीला किती मतं लागतात आणि अडवून धरण्याची ताकद कुणाकडे आहे?

अमेरिकेत तहाला सिनेटची दोन-तृतीयांश मतं लागतात. मार्च १९२० मध्ये पहिल्या महायुद्धानंतरचा व्हर्सायचा तह ४९ विरुद्ध ३५ असं बहुमत मिळूनही सात मतांनी पडला. गंमत म्हणजे, विरोधी पक्षाचे सिनेटर लॉज यांनी तहाला जोडलेल्या अटी नकोत म्हणून राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी स्वपक्षीयांनाच विरोधात मत द्यायला सांगितलं होतं.

आघाडी सरकार असेल तर घटकपक्ष तपासा. सप्टेंबर २०११ मध्ये भारत-बांगलादेश तिस्ता पाणीवाटप करार अडला तो ढाक्यात नव्हे, कोलकात्यात. ममता बॅनर्जींचा पक्ष तेव्हा केंद्रात भागीदार होता.

मग मंजुरीचा मार्ग बघा. सिनेटला बगल देऊन केलेला करार पुढचा अध्यक्ष एका सहीने सोडतो: इराण अणुकरार २०१५चा, अमेरिकेची माघार मे २०१८ची.

हमखास चूक होते ती सगळंच निवडणुकीच्या खात्यावर मांडण्याची. दोन्ही पक्षांच्या राजवटीतले निर्णय शेजारी ठेवा. सत्तापालटानंतरही न हललेली भूमिका या हिशेबातून वगळा.