घरच्या राउटरवर मुलांसाठी इंटरनेटचे नियंत्रण कसे बसवावे

मुलांच्या हाती पडणाऱ्या प्रत्येक उपकरणावर वेगळी व्यवस्था लावायची म्हटले, तर आईचा फोन, आजोबांचा टॅब, बाहेरच्या खोलीतला स्मार्ट टीव्ही आणि अभ्यासासाठी घेतलेला लॅपटॉप अशा चार ठिकाणी तेच काम चार वेळा करावे लागते, आणि त्यातले एखादे उपकरण हमखास सुटते. ही सगळी उपकरणे इंटरनेटपर्यंत पोहोचतात ती मात्र एकाच दारातून, म्हणजे राउटरमधून. गाळणी त्या दारातच बसवली की घरातल्या वाय-फायवरचे प्रत्येक उपकरण तिच्याखाली येते. सिमकार्डावरचा मोबाइल डेटा या दारातून जात नाही, हे सुरुवातीलाच लक्षात घ्यावे. मुलाच्या फोनमध्ये सिम असेल, तर अँड्रॉइडवर फॅमिली लिंक किंवा आयफोनवर स्क्रीन टाइम ही व्यवस्था वेगळी लावावीच लागेल.

आधीची तयारी

राउटर उलटा करून त्याच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलाचा फोटो काढून ठेवावा. राउटरचा पत्ता, वाय-फायचे मूळ नाव आणि मूळ पासवर्ड त्यावर छापलेले असतात. आपली जोडणी पीपीपीओई पद्धतीची, म्हणजे युजरनेम आणि पासवर्ड देऊनच सुरू होणारी, असेल, तर इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडून त्याचे युजरनेम आणि पासवर्ड मागून वहीत लिहून ठेवावेत, कारण राउटर कधी रीसेट करावा लागला तर त्यांच्याशिवाय इंटरनेट परत सुरू होत नाही.

फायबरची जोडणी असलेल्या पुष्कळ घरांत दोन डबे असतात: कंपनीने भिंतीवर बसवलेला ओएनटी (फायबरची तार ज्यात येते तो डबा) आणि आपण विकत आणलेला राउटर. अनेक ओएनटी स्वतःचे वाय-फायही प्रसारित करतात. आपण आपल्या राउटरवर सगळे नियम काळजीपूर्वक लावावेत आणि मुलांनी ओएनटीचे वाय-फाय पकडावे, असे सहज होते. म्हणून ओएनटीचे वाय-फाय बंद करावे, किंवा तशी सोय नसेल तर निदान त्याचा पासवर्ड बदलावा.

राउटरच्या आत शिरणे

संगणक घरच्या वाय-फायला जोडून विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) ही आज्ञा दिली की ‘डिफॉल्ट गेटवे’समोर एक पत्ता दिसतो. तो बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो, जिओफायबरच्या राउटरवर तो १९२.१६८.२९.१ असतो. हे आकडे येथे मराठीत छापले असले तरी टंकताना इंग्रजी आकडेच वापरावेत. ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी तो पत्ता टाकला की राउटरचे लॉगिनचे पान उघडते.

आत शिरल्यावर पहिले काम म्हणजे राउटरचा पासवर्ड बदलणे. हा पासवर्ड वाय-फायच्या पासवर्डापेक्षा वेगळा असतो, आणि तो लेबलावर छापलेलाच राहिला तर दहा वर्षांचे मूलसुद्धा आत जाऊन आपले नियम पुसू शकते. त्यानंतर फर्मवेअर (राउटरच्या आतले सॉफ्टवेअर) अद्ययावत करून डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने वाय-फायला जोडण्याची सोय, बंद करावे.

मग राउटरचे घड्याळ तपासावे. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आम्हीही गाळली होती. रात्री नऊ ते सकाळी सहा इंटरनेट बंद असा नियम लावला, पण राउटरच्या घड्याळात भारतीय वेळेऐवजी ग्रिनिचची वेळ होती. त्यामुळे साडेपाच तासांच्या फरकाने बंदी सुरू झाली पहाटे अडीचला आणि उठली सकाळी साडेअकराला. रात्री मुले निवांत व्हिडिओ पाहत राहिली, आणि सकाळी साडेसातचा ऑनलाइन वर्ग मात्र काही केल्या उघडेना. टाइम झोन जीएमटी +५:३० असा निवडून पानावर दिसणारी वेळ हातातल्या घड्याळाशी ताडून पाहावी.

गाळणी: डीएनएस बदलणे

सगळ्या उपायांत माझ्या मते सर्वांत जास्त काम करणारा आणि सर्वांत कमी त्रासाचा उपाय हा आहे. कोणत्याही संकेतस्थळाचे नाव टाकले की उपकरण आधी डीएनएस सर्व्हरला त्या नावाचा अंकांतला पत्ता विचारते. कुटुंबांसाठी चालवलेले काही मोफत डीएनएस सर्व्हर प्रौढांसाठीच्या संकेतस्थळांचा खरा पत्ता सांगतच नाहीत, आणि त्यामुळे ते पान उघडत नाही. क्लाउडफ्लेअरने २०२० साली सुरू केलेल्या अशा सेवेचे पत्ते १.१.१.३ आणि १.०.०.३ असे आहेत. ओपनडीएनएसच्या फॅमिलीशील्डचे पत्ते २०८.६७.२२२.१२३ आणि २०८.६७.२२०.१२३ आहेत. क्लीनब्राउझिंगच्या कौटुंबिक गाळणीचे पत्ते १८५.२२८.१६८.१६८ आणि १८५.२२८.१६९.१६८ असून ती गूगलचा सेफसर्च आणि यूट्यूबची मर्यादित पद्धतही आपोआप लागू करते. घरात लहान मुले असतील तर हा तिसरा पर्याय मला अधिक योग्य वाटतो.

टीपी-लिंकच्या आर्चर मालिकेतील राउटरवर ‘ॲडव्हान्स्ड’मधील ‘नेटवर्क’ आणि त्यातील ‘डीएचसीपी सर्व्हर’ या पानावर प्रायमरी आणि सेकंडरी डीएनएससाठी दोन चौकटी असतात. इतर कंपन्यांच्या राउटरवर शब्द थोडे वेगळे असतील, पण ‘लॅन’ किंवा ‘डीएचसीपी’ या नावाखाली या चौकटी सापडतात. दोन्ही चौकटींत एकाच सेवेचे पत्ते भरावेत. पहिल्या चौकटीत गाळणीचा पत्ता आणि दुसऱ्या चौकटीत ‘असू द्यावा’ म्हणून गूगलचा ८.८.८.८ भरणे ही अगदी सर्रास होणारी चूक आहे. उपकरणे दोहोंपैकी कोणालाही विचारू शकतात, आणि गाळणीला तेवढेच भगदाड पुरते. जोडणीत आयपीव्ही६ (इंटरनेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर त्याचे डीएनएसही त्याच सेवेचे भरावेत, नाहीतर प्रश्न त्या दुसऱ्या वाटेने निघून जातात. बदल जतन केल्यावर राउटर आणि घरातली उपकरणे एकदा बंद करून पुन्हा सुरू करावीत.

राउटरवर ‘कीवर्ड ब्लॉकिंग’ची सोयही दिसेल. तिच्यात शब्दांच्या लांबलचक याद्या भरण्यात वेळ घालवू नये. आजची बहुतेक संकेतस्थळे एचटीटीपीएसवर, म्हणजे मजकूर सांकेतिक रूपात पाठवणाऱ्या जोडणीवर, चालतात, आणि त्यामुळे राउटरला फार तर संकेतस्थळाचे नाव कळते, आतले पान किंवा मजकूर दिसत नाही. याच कारणामुळे यूट्यूब चालू ठेवून त्यातला एकच व्हिडिओ अडवणे राउटरला जमत नाही.

कोणते उपकरण कोणाचे

वेळेचे नियम लावण्यासाठी राउटरला मुलांची उपकरणे ओळखता आली पाहिजेत. जोडलेल्या उपकरणांच्या यादीत मात्र नावे अशी काही विचित्र असतात की कोणते कोणाचे ते उमगत नाही. त्यावर सोपा उपाय असा: एका उपकरणाचे वाय-फाय बंद करावे, यादी ताजी करावी आणि कोणती ओळ गेली ते पाहावे. मग त्या ओळीला ‘ताईचा लॅपटॉप’ किंवा ‘हॉलमधला टीव्ही’ असे घरातले नाव द्यावे आणि तिचा मॅक पत्ता (उपकरणाची अंक-अक्षरांतली ओळख) वहीत टिपावा.

येथे एक अडचण येते. आयफोन आयओएस १४ पासून आणि बरेचसे अँड्रॉइड फोन १० व्या आवृत्तीपासून वाय-फायला खऱ्याऐवजी बनावट मॅक पत्ता देतात. पत्त्यातले दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो असा पत्ता समजावा. तो बदलला की राउटर त्या फोनला ओळखत नाही आणि नियम गळून पडतो. म्हणून मुलांच्या फोनवर, फक्त घरच्या वाय-फायपुरती, ही सोय बंद करावी. आयफोनवर ती त्या वाय-फायच्या तपशिलात ‘प्रायव्हेट वाय-फाय ॲड्रेस’ या नावाने सापडते आणि अँड्रॉइडवर ‘प्रायव्हसी’खाली.

आता ‘पॅरेंटल कंट्रोल्स’मध्ये मुलाच्या नावाने प्रोफाइल तयार करून त्याची उपकरणे त्यात घालावीत, आणि रोजची मर्यादा व झोपेची वेळ ठरवावी. वेळा मुलांसमोर बसून ठरवाव्यात आणि परीक्षा, सुट्टी, गणपती यांसाठी सवलत किती ते तेव्हाच सांगून टाकावे. न सांगता तोडलेले इंटरनेट मुलांना अन्याय वाटते, आणि मोठ्या मुलांचे सगळे डोके मग पळवाटा शोधण्यात खर्ची पडते.

पळवाटा

अँड्रॉइड ९ पासून फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’, म्हणजे फोनला स्वतःचा वेगळा डीएनएस सर्व्हर ठरवून देण्याची सोय, असते. त्यात दुसऱ्या सेवेचे नाव भरले की आपली गाळणी टळते. राउटरच्या फायरवॉलमध्ये (कोणती जोडणी जाऊ द्यायची ते ठरवणाऱ्या भागात) सोय असेल तर ८५३ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे अशा प्रश्नांची क्रमांकित वाट, बाहेर जाण्यासाठी बंद करावे, आणि ५३ क्रमांकाचे पोर्ट फक्त आपण निवडलेल्या सर्व्हरांसाठी उघडे ठेवावे. ब्राउझरमधील ‘सिक्युअर डीएनएस’ (ब्राउझरने डीएनएसचे प्रश्न लपवून परस्पर विचारण्याची सोय) आणि व्हीपीएन ॲप (सगळी वाहतूक लपवून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारे) मात्र राउटरवरून पुरते अडवता येत नाहीत. ते उपकरणावरच, ॲप बसवण्याची परवानगी पालकांकडे ठेवून, रोखावे लागतात.

राउटरच्या मागे टाचणीने दाबायचे रीसेटचे छिद्र असते. ते काही सेकंद दाबून धरले की सगळे नियम पुसले जातात. म्हणून राउटर मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवावा. वाय-फायचे नाव अचानक लेबलावरच्या मूळ नावावर गेलेले दिसले, तर रीसेट झाला आहे असे समजावे. सेटिंगची बॅकअप फाइल संगणकावर उतरवून ठेवली असेल, तर सगळे नियम पाच मिनिटांत परत बसतात.

तपासणी

क्लाउडफ्लेअरची सेवा निवडली असेल तर ‘न्यूडिटी डॉट टेस्टकॅटेगरी डॉट कॉम’ हे चाचणीसाठीच ठेवलेले नाव इंग्रजीत टंकून पाहावे. ते उघडता कामा नये. अडवलेल्या पानावर कारण लिहून येईलच असे नाही. पुष्कळदा नुसते ‘साइट उघडत नाही’ एवढेच दिसते, आणि घरचे इंटरनेट बिघडले असे समजून कंपनीला फोन करतात, म्हणून आजीआजोबांनाही हे सांगून ठेवावे. हीच चाचणी टीव्हीवर आणि मुलांच्या प्रत्येक उपकरणावर वेगवेगळी करावी. झोपेच्या वेळेचा नियम पहिल्या रात्री जागून स्वतः पाहावा. त्यानंतर महिन्यातून एकदा जोडलेल्या उपकरणांची यादी वहीतल्या नोंदींशी ताडून पाहावी आणि यादीत अनोळखी ओळ दिसली तर ती कोणाची ते त्याच दिवशी विचारावे.