स्लाइम मोल्ड कापताय? या चुका टाळा

"मॅडम, मेलं ते."

प्रोजेक्टचा मोसम सुरू झाला की हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी कानावर येतं. ताटलीत पाहावं तर फायसारम पॉलिसेफॅलम हा स्लाइम मोल्ड चांगला जिवंत असतो, फक्त कोणीतरी पाच मिनिटांत तीनदा सुई टोचून त्याचा जीव नकोसा केलेला असतो.

आधी एक सांगते, ही बुरशी नाही. नावातल्या 'मोल्ड'वर जाऊ नका, हा अमीबाच्या गोतावळ्यातला जीव. ताटलीभर पसरलेलं ते पिवळंधमक जाळं म्हणजे असंख्य केंद्रकं असलेली एकच पेशी. म्हणून त्या जाळ्यातली शीर, म्हणजे पेशीद्रव्य वाहणारी नळी, कापली की कापली जाते ती पेशीच, आणि आतलं पेशीद्रव्य थेंबासारखं बाहेर येऊन बसतं. या थेंबाला त्या क्षणी पटल, म्हणजे पेशीचं बाहेरचं आवरण, नसतं. बाहेरचं कॅल्शियम लागलं की आतल्या बारीक पुटिका (पिशव्या) एकमेकींत मिसळतात आणि काही सेकंदांत थेंबाभोवती नवं प्रद्रव्यपटल तयार होतं. मग त्याखाली पेशी आकसवणाऱ्या प्रथिनाचं, म्हणजे अ‍ॅक्टिनचं जाळं विणलं जातं आणि साधारण 15-20 मिनिटांनी थेंब स्वतःच्या लयीत आकसू-फुगू लागतो. नेमक्या याच वेळात पोरं टिश्यू पेपरने 'सांडलेलं' पुसून घेतात! अरे, जे बघायला बसलात तेच पुसलंत की.

आता कॅल्शियमचं. दोन वर्षांपूर्वी एका मुलाच्या थेंबांना पटलच येईना. कापलं की पेशीद्रव्य पसरायचं, हळदीचं दूध सांडावं तसं, कडा म्हणून नाही. ब्लेड बदललं, आगर (ताटलीतली जेली) बदललं, नवी कल्चर मागवली. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी मी त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसले आणि म्हटलं, "पहिल्यापासून कर, माझ्यासमोर." त्याने कापायच्या आधी शिरेवर फडताळातल्या बाटलीतला 'बफर' (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) घातला. बाटलीवर एवढंच लिहिलेलं: बफर. तो डीएनए काढायच्या प्रात्यक्षिकातला निघाला, ईडीटीए घातलेला. ईडीटीए कॅल्शियम धरून ठेवतं, मग पटल जुळणार कशाने? बाटली भरणारी व्यक्ती मीच होते, त्यामुळे ओरडायचीही सोय नव्हती. तेव्हापासून या कामाचं द्रावण मी वेगळं ठेवते, त्यात थोडं कॅल्शियम क्लोराइड असतं आणि बाटलीला लाल चिकटपट्टी. कापल्यावर माझे हात मांडीवर. घड्याळ लावते आणि वीस मिनिटं ताटलीला हात लावत नाही. चहा घेऊन या, पण ताटलीपाशी नको.

दुसरी माझी खास चीड दिशेची. शिरेत पेशीद्रव्य उजवीकडे वाहताना दिसलं की वहीत लगेच नोंद: 'उजवीकडे सरकतो आहे.' मिनिटभर थांबला असतात तर तेच द्रव्य डावीकडे वाहताना दिसलं असतं. हा प्रवाह झोपाळ्यासारखा असतो, साधारण मिनिट-दीड मिनिटाने उलटतो. शिरेची भिंत अ‍ॅक्टिन-मायोसिन या प्रथिनांमुळे लयीत आवळते आणि आतलं द्रव्य पुढे-मागे ढकलते. पुढे जास्त गेलं, मागे कमी आलं, तर उरलेल्या फरकाने अख्खा जीव सरकतो, तासाला सेंटिमीटरभर. 30 सेकंदांच्या मोबाइल व्हिडिओवरून दिशा ठरवणारे लोक स्वारगेटला मागे घेतली जाणारी बस बघून ती कुठल्या गावाला निघाली ते सांगतील. मी ताटलीखाली आलेख कागद ठेवते आणि दर तासाला काचेच्या पेन्सिलीने पुढची कड आखते. कंटाळवाणं आहे, पण चुकत नाही. आणि तो फ्लॅश बंद करा. प्रकाश त्याला आवडत नाही. तो दिव्यापासून पळतो आणि तुम्ही लिहिता की खायला ठेवलेल्या ओट्सकडे गेला.

ओट्स साधे आणा. एकीने मसाला ओट्स आणले होते. मीठ बघून तो ताटलीच्या विरुद्ध कडेला जाऊन बसला, पोरगी मात्र हिरमुसली. दाणेही चार-पाच पुरेत, मूठभर टाकलेत तर खऱ्या बुरशीचंच पीक येईल.

वापरलेलं आगर पुन्हा वापरू नका. तो जिथून गेला तिथे चिकट माग सोडतो आणि पुढे तो माग टाळतो. चक्रव्यूहाच्या प्रयोगात हे विसरलात तर सगळे निकाल पाण्यात. आगर महाग वाटतं तर रविवार पेठेत चायना ग्रास मिळतं, शाळेच्या प्रोजेक्टला तेही चालतं.

एप्रिलमधलं पुणं त्याला सोसत नाही. 22 ते 26 अंश त्याला बरं. फ्रिज हा उपाय नव्हे. माझ्याकडे डबा माठाच्या तिवईखाली असतो, ओल्या फडक्यात.

सुट्टीत काय करायचं, हा प्रश्न सगळे शेवटच्या दिवशी विचारतात आणि मग ताटली गच्चीवर उन्हात वाळवतात. तसं नका करू. ओल्या फिल्टर पेपरवर चढू द्या, खाणं बंद करा, अंधारात हळूहळू सुकू द्या. नारिंगी खपली होते. ती पाकिटात घालून तारीख लिहा. जूनमध्ये ओल्या आगरावर ठेवलीत की दुसऱ्या दिवशी बघा, आणि हो, सुई न टोचता.