जुन्या ट्यूब ॲम्पच्या जागी डिजिटल मॉडेलर: बदल कसा करावा

नव्वदच्या दशकातले शंभर वॉटचे मार्शल हेड, म्हणजे स्पीकर नसलेला ट्यूब ॲम्पचा डबा, त्याखाली बारा इंची चार स्पीकरांचे कॅबिनेट आणि पुढे डिस्टॉर्शन, कोरस, डिले अशी पेडलांची रांग, असा संच आजही अनेक गिटारवादकांकडे आहे. कॅबिनेट एकट्याने जिन्यावरून उतरवता येत नाही, पेडलांमधली एखादी छोटी केबल ऐन कार्यक्रमात दगा देते, आणि साउंडवाला दर वेळी आवाज कमी करायला सांगतो, त्यामुळे मॉडेलरचा, म्हणजे ॲम्प, कॅबिनेट आणि पेडलांचे आवाज गणिताने उभे करणाऱ्या एकाच डिजिटल उपकरणाचा, विचार मनात येणे स्वाभाविक आहे. पुढील विवेचन मार्शलच्या जेसीएम ९०० मालिकेतील ४१०० हेड आणि १९६०ए कॅबिनेट असा संच समोर ठेवून केले आहे, पण ते फेंडर किंवा व्हॉक्सच्या कॉम्बोलाही, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत असलेल्या संचालाही, थोड्याफार फरकाने लागू पडेल.

एक गोष्ट खरेदीपूर्वीच नीट समजून घ्यावी. मॉडेलरमधून बाहेर पडणारा आवाज हा स्पीकरसमोर माइक लावून टिपलेल्या ॲम्पचा असतो, म्हणजे तबकडीवर किंवा प्रेक्षागृहाच्या मुख्य स्पीकरांतून जो ऐकू येतो तो. आपल्या पाठीमागे उभ्या असलेल्या कॅबिनेटमधून पोटऱ्यांना जाणवणारा हवेचा धक्का त्यात नसतो. त्यामुळे कोणता मॉडेलर घ्यावा यापेक्षा तो कशातून ऐकावा, हा प्रश्न मोठा आहे, आणि बहुतेक जण नेमका त्यावर सर्वांत कमी वेळ घालवतात.

आधी जुना संच तपासावा

संच जुना झाला आहे की फक्त दुरुस्तीला आला आहे, हे प्रथम ठरवावे. ट्यूब झिजतात आणि बदलता येतात. व्हॉल्यूमचे बटण फिरवताना खरखर येत असेल तर बहुधा काँटॅक्ट क्लीनरने काम भागते. एखादी प्रीॲम्पची, म्हणजे सुरुवातीच्या टप्प्यातली, ट्यूब पेन्सिलीने हलकेच ठोकल्यावर स्पीकरमधून घंटेसारखा आवाज आला तर ती मायक्रोफोनिक, म्हणजे कंपनेही टिपणारी, झालेली असते आणि ती एकटी बदलावी लागते. गुणगुणीचेही कान देऊन निदान करता येते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे पॉवर सप्लायमधून निसटणारी गुणगुण १०० हर्ट्झची असते, आणि सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी साधारण ९८ हर्ट्झचा असतो. ॲम्पची गुणगुण या सुराशी जवळजवळ जुळत असेल तर संशय वाळलेल्या फिल्टर कपॅसिटरवर घ्यावा. ती त्याच्या एक सप्तक खाली असेल तर अर्थिंग, केबल किंवा ट्यूबच्या हीटरकडे पाहावे. मात्र हेड स्वतः उघडू नये. प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये चारशे व्होल्टच्या वर दाब साठून राहू शकतो आणि तो जीवघेणा ठरतो. या तपासणीनंतर दुरुस्तीचा खर्च किरकोळ निघाला आणि वजनाचीही अडचण नसेल, तर मॉडेलर न घेणे हा निर्णयही योग्यच आहे.

बदल करायचे ठरलेच, तर संच मोडण्यापूर्वी त्याची नोंद करून ठेवावी. रोज वापरात असलेल्या प्रत्येक आवाजासाठी ॲम्पच्या आणि पेडलांच्या बटणांची छायाचित्रे काढावीत. त्यानंतर डीआय बॉक्सने, म्हणजे गिटार थेट रेकॉर्डर किंवा मिक्सरला जोडणाऱ्या डबीने, गिटारचा कोरा सिग्नल आणि स्पीकरसमोरच्या एसएम५७ सारख्या माइकचा आवाज असे दोन स्वतंत्र ट्रॅक एकाच वेळी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर रेकॉर्ड करावेत. पुढे हा कोरा ट्रॅक मॉडेलरमधून पुन्हा वाजवून जुन्या आवाजाशी थेट ताडून पाहता येतो, आणि स्मरणशक्तीवर विसंबावे लागत नाही. आवाजाच्या बाबतीत स्मरणशक्ती फार उदार असते. विकून टाकलेला ॲम्प दर वर्षी अधिकच सुरेल होत जातो.

निवड

डिजिटल म्हणजे पातळ आणि प्लॅस्टिकचा आवाज, असा ग्रह ज्यांनी १९९८ मध्ये आलेला लाइन सिक्सचा राजम्याच्या आकाराचा पॉड ऐकून करून घेतला, त्यांनी तो आता तपासून पाहावा. फ्रॅक्टल ऑडिओचा ॲक्स-एफएक्स २००६ मध्ये, लाइन सिक्सचा हेलिक्स २०१५ मध्ये आणि न्यूरल डीएसपीचा क्वाड कॉर्टेक्स २०२१ मध्ये आला, आणि या काळात ॲम्पच्या सर्किटचे वर्तन गणिताने उभे करण्याची पद्धत इतकी सुधारली की गिटारचा व्हॉल्यूम थोडा कमी केल्यावर आवाज स्वच्छ होत जाणे, हा ट्यूबचा खास गुणही आता बऱ्यापैकी मिळतो. केंपर, क्वाड कॉर्टेक्स आणि टोनेक्स यांसारख्या उपकरणांत आपल्याच ॲम्पची प्रतिकृती टिपून ठेवता येते. जुना ॲम्प अजून चालू असेल तर ही मोठीच सोय आहे. मात्र अशी प्रतिकृती त्या क्षणीच्या बटणांच्या एकाच मांडणीची असते आणि रिव्हर्ब किंवा डिले तिच्यात उतरत नाही, हे लक्षात ठेवावे.

कोणत्याही मॉडेलरच्या जाहिरातीत शेकडो ॲम्प आणि इफेक्ट असल्याचे लिहिलेले असते. त्यातले तीन-चार वापरले जातात. त्याऐवजी एका गाण्यात पायाने किती वेळा आवाज बदलावा लागतो, वाह किंवा व्हॉल्यूमसाठी एक्स्प्रेशन पेडल हवे का, आणि एखादे लाडके जुने पेडल सोबत ठेवायचे आहे का, हे पाहावे. हेलिक्सच्या मोठ्या फ्लोअर मॉडेलवर बारा फूटस्विच आणि अंगचेच एक्स्प्रेशन पेडल आहे. त्याच कंपनीच्या छोट्या एचएक्स स्टॉम्पवर तीनच स्विच आहेत, पण तो गिटारच्या बॅगेच्या कप्प्यात मावतो. ऑर्केस्ट्रात एका रात्रीत चाळीस गाणी वाजवणाऱ्याला दुसऱ्याचा लहानपणा पहिल्याच अर्ध्या तासात जाचू लागेल. जुनी पेडले ठेवायची असतील तर सेंड-रिटर्न, म्हणजे बाहेरचे पेडल मध्ये जोडण्याचे जॅक, असलेलाच मॉडेलर घ्यावा. परदेशातून नातेवाइकाकरवी मागवताना वॉरंटी भारतात चालते का, हे आधी विचारावे.

विजेचीही चौकशी करावी. एचएक्स स्टॉम्पला ९ व्होल्टवर ३ अँपिअरपर्यंत करंट लागतो, तो पेडलांच्या साध्या पॉवर सप्लायला झेपत नाही. मांडवातल्या जनरेटरवर क्षणभर वीज गेली तर ट्यूब ॲम्प किंवा साधे पेडल जवळजवळ लगेच सावरते, मॉडेलर मात्र संगणकासारखा पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतो. त्यामुळे संगणकाचा छोटा यूपीएस सोबत ठेवण्याचा खर्च पहिल्याच गणेशोत्सवात वसूल होतो.

ऐकायचे कशातून

मॉडेलर ऐकण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला म्हणजे सिग्नल थेट मिक्सरला द्यावा आणि स्वतः रंगमंचावरच्या मॉनिटरमधून किंवा इअरफोनमधून ऐकावे. हा सर्वांत हलका मार्ग आहे, पण यात आपला आवाज पूर्णपणे साउंडवाल्याच्या हाती जातो. दुसऱ्या मार्गात सपाट प्रतिसादाचा एक पॉवर्ड स्पीकर, ज्याला वादक एफआरएफआर म्हणतात, आपल्या मागे किंवा पुढे ठेवून दुसरा सिग्नल मिक्सरला दिला जातो. तिसरा मार्ग जुने कॅबिनेट ठेवून हेड काढण्याचा आहे. मॉडेलरचे आउटपुट एका छोट्या क्लास डी पॉवर ॲम्पला आणि तिथून कॅबिनेटला द्यावे, आणि मॉडेलरमधले कॅबिनेट सिम्युलेशन त्या आउटपुटपुरते बंद करावे, नाहीतर एका स्पीकरच्या आवाजावर दुसऱ्या स्पीकरचा आवाज बसतो आणि सगळे घोंगडीखालून आल्यासारखे वाटते. पोटऱ्यांवरचा तो धक्का ज्यांना सोडवत नाही, त्यांनी याच मार्गाने सुरुवात करावी.

संक्रमणाच्या काळात जुन्या हेडच्या मागच्या इफेक्ट लूपच्या रिटर्न जॅकमध्ये मॉडेलर जोडूनही वाजवता येते. त्यात हेडचा प्रीॲम्प बाजूला राहतो आणि पॉवर ट्यूब कामाला येतात. ही जोडणी करताना कॅबिनेटची केबल काढून ट्यूब हेड कधीही चालू करू नये, कारण भार नसताना आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

आवाज बसवणे

सुरुवात रिकाम्या प्रीसेटपासून, म्हणजे साठवलेल्या आवाजाच्या कोऱ्या मांडणीपासून, करावी. कारखान्यातून आलेले प्रीसेट दुकानात एकट्याने ऐकल्यावर भारावून टाकण्यासाठी बांधलेले असतात, त्यामुळे त्यांत रिव्हर्ब आणि खर्ज भरपूर असतो आणि ड्रम व बेस सुरू होताच गिटार नाहीशी होते. रिकाम्या प्रीसेटमध्ये आपल्या ॲम्पचे मॉडेल घ्यावे, छायाचित्रांतल्याप्रमाणे बटणे लावावीत आणि मग इम्पल्स रिस्पॉन्सकडे, म्हणजे आयआरकडे वळावे.

आयआर म्हणजे एखादे कॅबिनेट, त्यासमोरचा माइक आणि त्या माइकची नेमकी जागा यांची मिळून घेतलेली ध्वनिछाप. ती ४८ किलोहर्ट्झवर २०४८ सॅम्पलची असेल तर जेमतेम ४३ मिलिसेकंदांची असते, पण आवाजाचा बहुतांश स्वभाव तीच ठरवते. ॲम्पचे मॉडेल बदलण्यापेक्षा आयआर बदलल्याने कितीतरी अधिक फरक पडतो. १९६०ए कॅबिनेटमध्ये सहसा सेलेस्टियनचे जी१२टी-७५ स्पीकर असतात, तेव्हा त्याच स्पीकरच्या आणि एसएम५७ माइकच्या आयआरपासून सुरुवात करावी. माइक स्पीकरच्या मध्यातून कडेकडे सरकत गेला की आवाजातली धार कमी होत जाते, म्हणून आवाज टोचत असेल तर ट्रेबलचे बटण फिरवण्याआधी कडेच्या जागेची आयआर लावून पाहावी. रेकॉर्ड करून ठेवलेला कोरा ट्रॅक इथे कामी येतो: तो सतत वाजत ठेवून दोन-तीन आयआर आळीपाळीने ऐकाव्यात आणि जुन्या माइकच्या ट्रॅकशी ताडाव्यात. शेकडो आयआर विकत घेऊन ठेवणाऱ्यांचा सराव कमी होतो, एवढे मात्र खात्रीने सांगता येते.

त्यानंतर खालून ८० ते १०० हर्ट्झच्या आसपास आणि वरून सात-आठ किलोहर्ट्झवर फिल्टर लावून त्यापलीकडचा भाग कापावा. गिटारचा स्पीकर पाच-सहा किलोहर्ट्झच्या वर फारसे काही वाजवतच नाही, तर मिक्सरचे मोठे स्पीकर सगळेच वाजवतात. डिस्टॉर्शन लावल्यावर येणारी माशीसारखी भुणभुण बहुधा या वरच्या पट्टीतली असते. खालचा भाग बेस गिटारसाठी सोडलेला बरा.

हे सर्व ज्या मोठेपणावर वाजवायचे आहे त्याच मोठेपणावर ऐकून ठरवावे, हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वाधिक मोडला जाणारा नियम आहे. आवाज लहान असताना आपल्या कानाला खर्ज आणि अतितार भाग कमी ऐकू येतो. रात्री शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून हेडफोनवर हळू आवाजात बांधलेल्या प्रीसेटमध्ये माणूस नकळत दोन्ही वाढवून ठेवतो, आणि तोच प्रीसेट सभागृहात घुमतो व टोचतो. तालमीची खोली एक तास भाड्याने घेऊन ड्रम आणि बेससोबत प्रीसेट बसवावेत. आवाज बसवताना एकट्याने ऐकू नये. एकट्याने गोड वाटणारा आवाज बँडमध्ये बहुधा विरघळून जातो आणि थोडा रुक्ष, मध्य पट्टी उंच असलेला आवाज उठून दिसतो.

एका गाण्यातले बदल वेगवेगळ्या प्रीसेटने करण्याऐवजी एकाच प्रीसेटमधल्या स्नॅपशॉट किंवा सीनने, म्हणजे त्यातच साठवलेल्या बटणांच्या पर्यायी मांडणीने, करावेत, कारण प्रीसेट बदलताना अनेक उपकरणांत क्षणभर आवाज तुटतो आणि डिलेची शेपूट कापली जाते. सर्व प्रीसेटची पातळी एकसारखी ठेवून सोलोसाठी तीनेक डेसिबल वाढ राखावी. जुने फझ पेडल ठेवले असेल तर ते मॉडेलरच्या आधी, थेट गिटारनंतर लावावे. त्याला गिटारच्या पिकअपशी सरळ नाते लागते.

लेटन्सीची, म्हणजे तार छेडल्यापासून आवाज येईपर्यंतच्या उशिराची, भीती मात्र सोडून द्यावी. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे दोन मीटर मागे ठेवलेल्या ॲम्पचा आवाजही सहा मिलिसेकंद उशिरानेच कानावर येत असतो, आणि चांगला मॉडेलर एकटा त्याहून कमी वेळ घेतो. डिजिटल वायरलेस, मॉडेलर, डिजिटल मिक्सर आणि वायरलेस इअरफोन असे सगळे एकापुढे एक जोडल्यावर ही बेरीज बोटांना जाणवू लागते. तेव्हा प्रथम गिटारचे वायरलेस काढून केबल लावावी.

पहिले कार्यक्रम

साउंडवाल्याला जॅक देताना आउटपुट माइक पातळीचे आहे की लाइन पातळीचे, हे स्वतःहून सांगावे, आणि त्या चॅनेलचा ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे मिक्सर माइकच्या केबलमधून देतो ती वीज, बंद करायला लावावा. गुणगुण आली तर सिग्नलच्या केबलमधली अर्थिंगची जोडणी तोडणारे ग्राउंड लिफ्टचे बटण वापरावे. पॉवर प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नये. मिक्सरवर गिटारचे इक्वलायझर सुरुवातीला सपाट ठेवण्याची विनंती करावी, कारण अनेकांना माइक लावलेल्या ॲम्पचा ठरावीक भाग कापण्याची सवय असते आणि आपण तो आधीच कापलेला असतो.

उघड्या मैदानातल्या कार्यक्रमात दुपारच्या उन्हात पडदा वाचता येत नाही, त्यामुळे कोणत्या स्विचवर काय आहे हे पाठ असावे किंवा चिकटपट्टीवर लिहून ठेवावे. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात जॅक गंजतात. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवाव्यात. सॉफ्टवेअरचे नवे रूप कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कधीही चढवू नये, आणि चढवण्यापूर्वी सर्व प्रीसेट संगणकावर उतरवून घ्यावेत. पर्याय म्हणून एक डीआय बॉक्स आणि एक साधे डिस्टॉर्शन पेडल बॅगेत असावे.

जुने हेड लगेच विकू नये. दोन-तीन महिने मॉडेलरवर वाजवून झाल्यावर, जुन्या रेकॉर्डिंगशी एकदा शांतपणे तुलना करून मगच ठरवावे. विकायचेच असेल तर गुणगुण आणि खरखर आधी दुरुस्त करून, चालू स्थितीत, स्वतः वाजवून दाखवून विकावे. बंद हेडला गिऱ्हाईक ट्रान्सफॉर्मर गेला असे धरूनच भाव सांगते. ठेवायचे असेल तर दर महिना-दोन महिन्यांनी कॅबिनेट जोडून, आधी स्टँडबायवर थोडा वेळ तापवून, अर्धा तास वाजवावे.